एक्झिट पोल एकीकडे, निकाल दुसरीकडे : मतदार नेमका कुठे निसटतो?

गोदाकाठी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात असलेला विषय मांडतोय.

१ जून २०२४ ची संध्याकाळ आठवा. सातव्या टप्प्याचं मतदान संपलं आणि वाहिन्यांवर आकडे सुरू झाले. एनडीए साडेतीनशेच्या पुढे, कुणी थेट चारशेपर्यंत. ॲक्सिस माय इंडियाने ३६१ ते ४०१ दिल्या होत्या. ४ जूनला एनडीए २९३ वर थांबली, भाजप २४० वर. महाराष्ट्रातही बहुतेकांनी महायुतीला पुढे ठेवलं होतं, प्रत्यक्षात ४८ पैकी १७ मिळाल्या.

आपल्या जिल्ह्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. नाशकात महाविकास आघाडीचे राजाभाऊ वाजे १ लाख ६२ हजारांनी निवडून आले. दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या डॉ. भारती पवार आघाडीच्या भास्कर भगरे सरांकडून १ लाख १३ हजारांनी हरल्या. मालेगाव आणि बागलाण ज्या धुळे मतदारसंघात येतात तिथेही आघाडीच्याच शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी जिंकल्या.

आणि मग २३ नोव्हेंबर. तोच जिल्हा, तेच मतदार. विधानसभेच्या १५ पैकी १४ जागा महायुतीला. राज्यात भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. या वेळी महायुती पुढे आहे एवढं बऱ्याच चाचण्यांनी सांगितलं होतं, पण २३० चा आकडा एकाही मोठ्या चाचणीत नव्हता.

माझा प्रश्न असा : चूक होते ती विचारताना, मोजताना, की सांगताना? माझं मत आधीच सांगतो. चाचण्या थोतांड आहेत असं मला वाटत नाही. पण आपण त्यातला सगळ्यात कच्चा आकडा, म्हणजे जागांचा, डोक्यावर घेऊन नाचतो. कुणाच्या दारात सर्व्हेवाले आले असतील, कुणी ते काम केलं असेल, तर जरूर लिहा. पक्षांची भांडणं दुसऱ्या धाग्यावर.

कट्टेकरी

एवढं लिहायची गरजच नव्हती. ज्याचे पैसे त्याचा आकडा. विषय संपला.

लासलगावकर

कट्टेकरी, विषय एवढ्यात संपत नाही. दिंडोरीचं सांगतो.

७ डिसेंबर २०२३ ला रात्री कांद्याची निर्यातबंदी आली. दुसऱ्या दिवशी बाजार समितीत ट्रॅक्टर उभे, लिलाव बंद, शेतकरी रस्त्यावर. तो लाल कांदा होता. लाल कांदा चाळीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. उन्हाळ कांदा असता तर लोकांनी चार महिने दम धरला असता. बंदी आधी ३१ मार्चपर्यंत होती, ती पुढे वाढवली. उठवली ४ मे ला, तीही टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क लावून. आमचं मतदान २० मे ला. सोळा दिवसांत कुणाचा राग जातो?

आता गंमत बघा. गावात कुणी विचारलं तर लोक काय म्हणायचे? "बघू, अजून ठरलं नाही." कारण विचारणारा कोण, कुठून आला, माहीत नाही. पीक विमा, अनुदान, सोसायटीचं कर्ज, सगळं कुठे ना कुठे अडकलेलं असतं. कोण उगाच तोंड उघडेल? पण समितीच्या आवारात, लिलाव सुरू व्हायच्या आधी ट्रॉलीला टेकून जी बोलणी चालायची ती ऐकली असती तर कुठल्याही पोलची गरज नव्हती. तिथे आडपडदा नव्हता.

आणि विधानसभेच्या आधी, १३ सप्टेंबरला, केंद्राने किमान निर्यात किंमत काढली, शुल्क २० टक्क्यांवर आणलं. भावही बरा होता. त्यामुळे तोच माणूस नोव्हेंबरमध्ये वेगळं मत देऊन आला. त्यात त्याला काही विसंगत वाटलं नाही, आणि मलाही वाटत नाही.

सिडकोची लेक

मी हे काम केलंय. कॉलेजात असताना, एका कंपनीसाठी, नाव नको. टॅब द्यायचे, मतदार यादीतून काढलेली नावं द्यायचे. नियम असा की त्या यादीतल्याच माणसाला भेटायचं. घरी नसेल तर परत जायचं.

प्रत्यक्षात काय होतं? सातपूर-अंबडला कामगार वस्ती. पहिल्या पाळीवाला पहाटेच गेलेला, रात्रपाळीवाला झोपलेला, दाराला कुलूप. संध्याकाळी सहापर्यंत कोटा भरलाच पाहिजे असा फोन यायचा. मग काही जण टपरीवर जायचे आणि तिथे उभ्या असलेल्यांना विचारून भरायचे. टपरीवर कोण असतं? पुरुष, आणि ते पण बोलके. बोलका माणूस त्या दिवसात ज्याची हवा आहे त्याचंच नाव घेतो.

बायकांचं तर विचारूच नका. दार बाईनेच उघडलेलं असायचं, पण पहिलं वाक्य "हे घरी नाहीत, संध्याकाळी या". मी म्हणायचे, "ताई, तुमचंच नाव आहे यादीत." तेव्हा ती आत बघायची. सासू आतून ऐकत असायची. त्या बाईने मला जे उत्तर दिलं ते सासूला ऐकवण्यासाठी होतं. एका घरी तर माझ्या शेजारीच दीर येऊन उभा राहिला आणि तिच्या आधी तोच उत्तरं देऊ लागला.

चांगल्या संस्था यावर उपाय करतात. तोंडी विचारत नाहीत, चिन्हं छापलेली खोटी मतपत्रिका देतात, ती घडी करून पेटीत टाकायची. मला त्या कामात तसं काहीच दिलं नव्हतं.

आता लाडकी बहीण आठवा. महिन्याला १५०० रुपये, ऑगस्टपासून खात्यात यायला लागले, ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते तर आचारसंहितेच्या आधी एकदम. ज्या मतदाराला आम्ही नीट विचारूच शकत नव्हतो, नेमका तोच मतदार नोव्हेंबरमध्ये रांगेत उभा होता.

वाचनमात्र

सिडकोची लेक, अप्रतिम प्रतिसाद. दीर प्रसंग अगदी डोळ्यासमोर आला.

सांख्यिक

गोदाकाठींच्या मुद्द्याला धरून थोडी आकडेमोड. मी हा विषय शिकवतो, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

हजार माणसं नीट निवडली तर मतांच्या टक्केवारीत साधारण तीन टक्के इकडेतिकडे होतं. लोकसंख्या एक कोटी की दहा कोटी, याने फारसा फरक पडत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते ती याचमुळे, फक्त शीत सगळ्या पातेल्यातून उचललेलं पाहिजे, वरवरचं नको. सिडकोची लेक यांनी सांगितलेली टपरी म्हणजे वरवरचं शीत.

पण समजा टक्केवारी बरोबर आली. पुढचा खड्डा मोठा आहे. ऑक्टोबर २०२४, हरयाणा. भाजपला ३९.९४ टक्के, काँग्रेसला ३९.०९ टक्के. एक टक्क्याचाही फरक नाही. जागा मात्र ४८ आणि ३७. जवळजवळ सगळ्या वाहिन्यांनी काँग्रेसचं सरकार दाखवलं होतं. तीन टक्क्यांच्या चुकीत हे दोन्ही निकाल आरामात बसतात! म्हणजे त्या रात्री प्रामाणिकपणे एवढंच सांगता आलं असतं की लढत अटीतटीची आहे. पण "अटीतटीची आहे" यावर चार तास कार्यक्रम चालत नाही.

आपलंच घ्या. लोकसभेला राज्यात आघाडी आणि महायुती यांच्या मतांमध्ये अर्ध्या टक्क्याहून कमी फरक होता. जागा मात्र, सांगलीचे अपक्ष विशाल पाटील धरून, ३१ विरुद्ध १७. त्यामुळे "महाराष्ट्राने महायुतीला झिडकारलं" हे वाक्य जूनमध्ये जेवढ्या जोरात म्हटलं गेलं तेवढं ते मतांच्या आकड्यात नव्हतंच. नोव्हेंबरमध्ये महायुती निम्म्या मतांच्या जवळ गेली, आघाडी पस्तीस टक्क्यांच्या आसपास घसरली. वळण खरंच मोठं होतं, पण ते बरोबरीवरून निघालं होतं, आणि हे फार कमी लोकांनी लक्षात घेतलं.

कट्टेकरी

सांख्यिक सर, गणित मान्य. पण चुका नेहमी सत्तेच्याच बाजूने कशा होतात ते सांगा.

गोदाकाठी

नेहमी होत नाहीत, कट्टेकरी. हरयाणात सत्ता भाजपची होती आणि चुका काँग्रेसच्या बाजूने झाल्या. २०२३ ला छत्तीसगडमध्ये काँग्रेस सत्तेत होती, चाचण्याही बहुतेक तिच्याच बाजूने, आणि भाजप ५४ जागा घेऊन गेला. म्हणजे तुमचं बरोबर धरलं तरी अर्धंच.

बिहार २०१५ बघा. टुडेज चाणक्यने एनडीएला १५५ दिल्या होत्या, मिळाल्या ५८. महागठबंधनला १७८. त्याच वेळी ॲक्सिसचा अंदाज महागठबंधनला १६९ ते १८३ होता, म्हणजे अगदी नेमका, आणि ज्या वाहिनीसाठी केला होता तिने तो दाखवलाच नाही. सगळ्यांपेक्षा वेगळा आकडा दाखवायची छाती होत नाही, हे मला पैसे खाण्यापेक्षा जास्त पटतं.

कट्टेकरी

बरं. "पैसे" मागे घेत नाही, पण कळपाची भीती हा मुद्दा चांगला आहे.

सिन्नरी

इथे अजून कुणी सिन्नरचं नावच काढलं नाही!

राजाभाऊ आमचे. २०१४ ला कोकाटेंना हरवून आमदार, २०१९ ला थोडक्यात हरले. लोकसभेला एकट्या सिन्नरने त्यांना लाखाच्या पुढे आघाडी दिली. उलट नाशिक पश्चिमने महायुतीच्या हेमंत गोडसेंनाच पुढे ठेवलं होतं. आता जो सर्व्हे करणारा पोरगा रिक्षाने सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा फिरून गेला, त्याला काय कळणार? सिन्नरमध्ये त्या वेळी पक्ष कोणता हा प्रश्नच नव्हता. तालुक्याचा माणूस दिल्लीला जाणार, एवढंच. दोडी, नांदूर शिंगोटे, वावी, कुठल्याही पारावर बसा, हेच ऐकू यायचं.

त्यात समोरची उमेदवारी १ मे पर्यंत लटकलेली. भुजबळ की गोडसे, गोडसे की भुजबळ, यात महिना गेला. राजाभाऊ तोवर गावंच्या गावं पायाखाली घालून मोकळे.

गोदाकाठी

सिन्नरी, हे महत्त्वाचं. राज्यभराचा नमुना घेतला तर एका मतदारसंघाच्या वाट्याला जेमतेम काही शे माणसं येतात, आणि त्यातली सिन्नरची किती? तालुक्याची ओढ त्यात दिसणारच नाही.

मोसमकाठ

मालेगावहून लिहितोय. धुळ्याची मतमोजणी आम्ही श्वास रोखून पाहिली. बाकीच्या पाच विधानसभा क्षेत्रांत मिळून भाजपचे डॉ. भामरे जवळपास १ लाख ९० हजारांनी पुढे. मालेगाव मध्यने एकट्याने ते सगळं भरून काढलं आणि वर चार हजारांच्या आत फरक उरला. सहापैकी पाच ठिकाणी पुढे असलेला उमेदवार हरला. सांख्यिक सर, हे तुमच्या वर्गात शिकवा.

मध्य मालेगावात सर्व्हेवाले येतात कधी, हाही प्रश्नच आहे. यंत्रमागावर माणूस बारा-बारा तास. दिवसा ज्या घरात जाल तिथे पुरुष झोपलेला, आणि ओळख नसताना बाईशी बोलणं शक्य नाही. उर्दू येणारा, मोहल्ल्यातला पोरगा पाठवला तरच दार उघडतं.

आणि विधानसभेला? मुफ्ती इस्माईल विरुद्ध आसिफ शेख, फरक १६२ मतांचा. जगातला कुठला पोल हे सांगू शकतो? सांगू नयेच.

दूरदेशी

मूळचा कॉलेज रोडचा, सध्या न्यू जर्सी. इथलं जुनं उदाहरण सगळ्यांच्या कामाचं आहे.

१९३६, रूझवेल्ट विरुद्ध लँडन. लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना पत्रं पाठवली, चोवीस लाखांच्या आसपास परत आली. निष्कर्ष : लँडन ५७ टक्के मतं घेऊन जिंकणार. निकाल : ४८ पैकी ४६ राज्यं रूझवेल्टची. नावं घेतली होती टेलिफोन डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदीतून. मंदीच्या काळात फोन आणि गाडी कुणाकडे? त्याच वेळी जॉर्ज गॅलपने पन्नासेक हजार लोकांना विचारून रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितलं.

म्हणजे चोवीस लाखांचा ढीग पन्नास हजारांपुढे हरला. आपल्याकडे "आमचा सॅम्पल सर्वांत मोठा" अशी जाहिरात दिसली की मला हीच गोष्ट आठवते. पण गॅलपही १९४८ ला ट्रूमन-ड्यूईमध्ये तोंडघशी पडला, कारण मतदानाच्या बरंच आधी विचारणं थांबवलं होतं. शेवटच्या दोन आठवड्यांत लोक बदलले ते कुणाला कळलंच नाही.

२०१६ ला मी इथेच होतो. माझ्या ऑफिसात ट्रम्पला मत देणारं कुणी नव्हतं, निदान तसं म्हणणारं तरी नव्हतं. निकालानंतर दोघांनी हळूच सांगितलं.

लासलगावकर

दूरदेशी, तुमच्या ऑफिसात आणि आमच्या गावात फरक नाही म्हणायचा.

वणीचा पायरीकर

दिंडोरीवाल्यांनी एक गोष्ट विसरली. दोन भगरे सर!

भास्कर भगरे सरांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. बाबू भगरे नावाच्या अपक्ष उमेदवाराचं चिन्ह नुसती तुतारी. त्यांना एक लाखाच्या वर मतं पडली. ना सभा, ना गाडी, ना पोस्टर. आमच्याकडे म्हाताऱ्या लोकांना घरून पढवून पाठवलं होतं, "आजी, तुतारी दाबायची." आजीने तुतारीच दाबली. घरी आल्यावर विचारलं तर म्हणे, "मग, दाबली की!" तिने सांगितलं ते खरंच होतं.

आता एक्झिट पोलवाल्याने त्या आजीला दारात गाठून विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं? "भगरे सर." नोंद कुणाच्या खात्यात? ही चूक कुठल्याही टॅबमध्ये पकडता येत नाही. साताऱ्यात तर नुसत्या तुतारीला मिळालेली मतं उदयनराजेंच्या मताधिक्यापेक्षा जास्त होती.

वाचनमात्र

भगरे सरांना शाळेची सवय, हजेरी दोनदा घेतली असं समजायचं. :)

पंचवटीकर

थोडं अवांतर, पण नाशिकचा स्वभावच हा आहे. २००९ ला शहरातल्या तिन्ही जागा मनसेला. राज्यात त्यांच्या १३, त्यातल्या तीन एकट्या नाशकातून. २०१२ ला महापालिकेत १२२ पैकी ४० आणि महापौर. २०१४ ला तिन्ही आमदार गेले, भाजपचे आले. २०१७ ला मनसे पाचवर, भाजप ६६. हेमंत गोडसेच बघा : २००९ ला मनसेकडून समीर भुजबळांकडून बावीस हजारांच्या आसपास मतांनी हरले, २०१४ ला शिवसेनेकडून थेट छगन भुजबळांना पावणेदोन लाखांहून जास्त मतांनी हरवलं. नाशिककर एकदा फिरला की अर्धवट फिरत नाही. रविवार कारंज्यावर राहून हे सगळं बघितलंय, प्रत्येक वेळी आधी महिनाभर "या वेळी टक्कर आहे" असंच ऐकायला यायचं.

निवृत्त मास्तर

पंचवटीकरांच्या यादीत एक जुनी भर. १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकमधून यशवंतराव चव्हाण लोकसभेवर बिनविरोध गेले होते. संरक्षणमंत्री होते तेव्हा. नाशकात कुणाचाही अंदाज चुकला नाही अशी ती एकच निवडणूक असावी.

मी अनेक निवडणुकांना केंद्राध्यक्ष होतो. कुणी यंत्राचा विषय काढायच्या आधी सांगतो : सकाळी मतदान सुरू व्हायच्या आधी प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांचं अभिरूप मतदान होतं, आकडा जुळवून दाखवतात, मग सगळं पुसून सील लागतं, प्रतिनिधींच्या सह्या होतात. संध्याकाळी १७-क नमुन्याची प्रत प्रत्येक प्रतिनिधीला मिळते, त्यात किती मतं पडली ते लिहिलेलं असतं. ज्याला शंका आहे त्याने ती प्रत जपून ठेवावी आणि मतमोजणीला ताडून बघावी. पोल चुकला म्हणून यंत्र चुकलं, हा तर्क मला पटत नाही. पोल जगभर चुकतात, कागदी मतपत्रिकेवरही चुकत होते, दूरदेशींनी सांगितलंच.

माझ्या अनुभवातली एक गोष्ट. केंद्रावर बसलेल्या माणसाला निकाल कळत नाही, पण रांग कळते. नोव्हेंबरमध्ये माझा भाचा ड्युटीवर होता. दुपारी दोनला, जेव्हा एरवी केंद्र ओस असतं, तेव्हा बायकांची रांग दाराबाहेर होती. राज्याचं मतदान लोकसभेला एकसष्ट टक्क्यांच्या आसपास होतं ते सहासष्टवर गेलं. हे जास्तीचे कोण, हा प्रश्न त्या संध्याकाळी वाहिन्यांवर फार कुणी विचारला नाही.

सिडकोची लेक

सर, अगदी हेच. चाचणी करताना "मतदान करणार का?" असा प्रश्न असतो आणि सगळेच "हो" म्हणतात. कोण खरंच जाणार हे ओळखणं सगळ्यात अवघड काम.

कट्टेकरी

मास्तर, १७-क बद्दल माहीत नव्हतं. पण सोलापूर जिल्ह्यात मारकडवाडीच्या लोकांनी स्वतःच कागदावर मतदान घेऊन बघायचं ठरवलं तर पोलिसांनी घेऊ दिलं नाही. शंका तिथून वाढते.

निवृत्त मास्तर

शंका वाढू नये हे मलाही वाटतं, कट्टेकरी. त्यासाठी व्हीव्हीपॅटच्या जास्त चिठ्ठ्या मोजाव्यात या मताचा मी आहे. सध्या एका विधानसभा क्षेत्रातली पाचच केंद्रं मोजतात. पण हा वेगळा धागा होईल.

गोदाकाठी

होय, त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

मूळ प्रश्नाकडे. तुमच्या सगळ्यांच्या लिहिण्यातून मला तीन वेगळ्या गोष्टी दिसतात आणि त्या वेगळ्याच ठेवायला हव्यात. लासलगावकर आणि सिडकोची लेक सांगतात तो न बोलणारा मतदार. सिन्नरी आणि मोसमकाठ सांगतात तो नमुन्यात न मावणारा तालुका. सांख्यिक सांगतात ते मतांचं जागांमध्ये रूपांतर. तिसऱ्या ठिकाणची चूक कबूल करून अंदाजाचा पट्टा मोठा दाखवणं वाहिन्यांना आजच शक्य आहे, त्याला खर्च लागत नाही. पहिल्या ठिकाणची चूक दुरुस्त करायला बायका सर्व्हेअर म्हणून घ्याव्या लागतील, संध्याकाळनंतर परत जावं लागेल, गुप्त पेटी न्यावी लागेल. ते कुणी करेल का?

सिडकोची लेक, तुम्हाला थेट विचारतो : तशी पेटी असती तर त्या सासूच्या घरात उत्तर वेगळं आलं असतं?

सिडकोची लेक

पेटी एकटीने पुरली नसती, काका. बाईला कागद घेऊन दोन मिनिटं एकटीला बसता आलं पाहिजे. मी नंतर एक युक्ती शिकले. पाणी मागायचे. ती आत जायची, मी मागोमाग ओट्यापर्यंत जायचे आणि तिथे विचारायचे. तिथे मिळालेली उत्तरं ओसरीवरच्या उत्तरांपेक्षा बऱ्याचदा वेगळी असायची. पण टॅबमध्ये "मुलाखत कुठे झाली" असा रकानाच नव्हता.

सांख्यिक

हा रकाना हवाच. ओसरीवरची आणि ओट्यापाशी मिळालेली उत्तरं वेगवेगळी मांडली तर किती लोक गप्प बसतात याचा निदान अंदाज येईल. माझ्या विद्यार्थ्यांना पुढच्या प्रकल्पात हे करायला सांगतो. सिडकोची लेक, प्रश्नावली तयार करताना मदत कराल का? व्यनि (खासगी निरोप) करतो.

सिडकोची लेक

नक्की. मुली जास्त घ्या गटात, आणि कोट्याचा फोन करू नका.